फोनच्या फोटोतली धूसर पार्श्वभूमी: आधी अंतर, मग बटण

माझ्या भाचीच्या लग्नातला एक फोटो मी अजून जपून ठेवला आहे. मुलगी बोहल्यावर चढण्याआधी मांडवाच्या कडेला उभी आहे, मागच्या झेंडूच्या माळा आणि पाहुण्यांची लगबग छान विरघळून गेली आहे, आणि चेहरा अगदी स्वच्छ आला आहे. फोनच्या पडद्यावर तो फोटो सगळ्यांना आवडला. पुढे अल्बमसाठी मोठा करून पाहिला तेव्हा लक्षात आले की कानाजवळून खाली येणारा मुंडावळीचा सर मध्येच नाहीसा झाला आहे. वरचे मोती एकेक मोजता येतात, आणि त्याखालचे मोती मागच्या झेंडूंच्या केशरी रंगात मिसळून गेले आहेत. फोनने मुंडावळीचा तेवढा भाग सजावटीत जमा केला होता. तो फोटो पोर्ट्रेट मोडमध्ये, म्हणजे पार्श्वभूमी आपोआप धूसर करणाऱ्या फोनच्या सोयीने काढलेला होता, आणि त्या क्षणाचा साधा, त्या मोडशिवायचा फोटो मी काढलेला नव्हता.

तेव्हापासून हा विषय मी मुळापासून समजून घेतला, आणि आता कोणी विचारले तर पहिली गोष्ट हीच सांगतो की फोनमध्ये पार्श्वभूमी धूसर होण्याचे दोन अगदी वेगळे मार्ग आहेत. एक धूसरता लेन्समधून येते. ती थोडी असते, पण वस्तूची कड ओळखण्यात ती कधी चुकत नाही, कारण ती काही ओळखतच नाही. दुसरी धूसरता फोटो काढल्यावर हिशेबाने तयार केली जाते. ती हवी तेवढी मिळते, पण तिचा सगळा भार अंदाजावर असतो. म्हणून आधी अंतर साधून लेन्सकडून मिळेल तेवढे घ्यावे, आणि उरलेल्या कामापुरतेच पोर्ट्रेट मोडचे बटण दाबावे.

लेन्सला मुळात कितपत जमते

फोनच्या जाहिरातीत ‘एफ १.८’ असा आकडा वाचला की वाटते, मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्सवरही हाच आकडा असतो, मग धूसरताही तेवढीच मिळायला हवी. हा आकडा प्रत्यक्षात एक गुणोत्तर आहे: लेन्सचे केंद्रांतर (फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सपासून दूरच्या वस्तूचे चित्र जिथे उमटते तिथपर्यंतचे अंतर) तिच्या प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या व्यासाच्या १.८ पट आहे, एवढेच तो सांगतो. फोनच्या मुख्य लेन्सचे केंद्रांतर साधारण ६ मिलिमीटर धरले, तर छिद्र जेमतेम ३.३ मिलिमीटरचे निघते, म्हणजे तुरीच्या दाण्यापेक्षाही लहान. मोठ्या कॅमेऱ्याच्या ५० मिलिमीटर, एफ १.८ लेन्सचे छिद्र जवळजवळ २८ मिलिमीटरचे असते, म्हणजे आपल्या १० रुपयांच्या नाण्याएवढे. पार्श्वभूमी किती विरघळेल हे या छिद्राच्या खऱ्या मापावर ठरते.

याचा हिशेब एकदा समजून घेतला की पुढचे सारे सोपे होते. आपण जिच्यावर फोकस केला ती वस्तू जेवढ्या अंतरावर आहे, तिथेच एक अदृश्य पडदा धरला आहे असे समजावे. खूप दूरवरचा एखादा दिवा त्या पडद्यावर लेन्सच्या छिद्राएवढ्या व्यासाच्या चकतीत पसरतो. त्याहून मोठ्या चकतीत तो कधीच पसरत नाही. म्हणजे आपल्या फोनच्या बाबतीत ती चकती ३.३ मिलिमीटरची. आता ही चकती फोटोत मोठी दिसेल की नगण्य, हे त्या पडद्याचा किती रुंद भाग आपण चौकटीत घेतला आहे यावर अवलंबून आहे. फोन उभा धरला आणि झूम केला नाही, तर चौकटीची रुंदी वस्तूच्या अंतराएवढीच येते, हा योगायोग लक्षात ठेवायला फार सोयीचा आहे.

दीड मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो घेतला तर चौकट दीड मीटर रुंद होते. दीड मीटरमध्ये ३.३ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. १२ मेगापिक्सेलच्या, ३,०२४ पिक्सेल रुंदीच्या उभ्या फोटोत ती चकती सहा-सात पिक्सेलांची भरते. मागची इमारत किंचित मऊ दिसेल, पण तिच्या खिडक्या मोजता येतील. आता दिवाळीच्या रात्री अंगणातल्या पणतीपासून २० सेंटिमीटरवर फोन आणा. चौकट २० सेंटिमीटरची झाली, आणि तीन मीटर मागे लावलेल्या दिव्यांच्या माळेतला प्रत्येक दिवा सुमारे ४५ पिक्सेलांची गोल, उजळ चकती होऊन बसला. फोन तोच, लेन्स तीच, पोर्ट्रेट मोड बंद. फरक पडला तो फक्त अंतराने.

मोठा सेन्सर, म्हणजे लेन्समागचा प्रकाश टिपणारा भाग, असलेल्या फोनमध्ये हे थोडे सुधारते. शाओमीच्या १२एस अल्ट्रा या फोनने २०२२ मध्ये ज्याला ‘१ इंची’ म्हणतात तसा सेन्सर आणला. त्या लेन्सचे छिद्र साधारण साडेचार मिलिमीटरचे होते. (हे ‘१ इंच’ नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून आले आहे. सेन्सरचा कर्ण प्रत्यक्षात १६ मिलिमीटरच्या आसपास असतो.) अशा फोनमध्ये जवळच्या वस्तूंची पार्श्वभूमी सुरेख विरघळते, मात्र कागदाचा फोटो जवळून घेताना मधली अक्षरे स्पष्ट आणि कडेची अस्पष्ट होण्याचा त्रासही तिथेच सुरू होतो.

खरी धूसरता कशी मिळवावी

पहिला उपाय म्हणजे विषयाच्या जवळ जाणे. दुसरा उपाय लोक सहसा विसरतात: विषयाला पार्श्वभूमीपासून दूर आणणे. पार्श्वभूमी फोनपासून विषयाच्या दुप्पट अंतरावर असेल तर शक्य असलेल्या धूसरतेपैकी निम्मी मिळते. तिप्पट असेल तर दोन तृतीयांश, आणि चौपट असेल तर तीन चतुर्थांश. त्यापुढे मागे सरकून फार काही हाती लागत नाही. म्हणून मी ‘चौपट’ हा एकच शब्द मनात ठेवतो. माणूस फोनपासून एक मीटरवर असेल, तर मागची भिंत चार मीटरवर हवी, म्हणजे माणसाच्या पाठीमागे तीन मीटर मोकळी जागा हवी. घरातल्या फोटोत माणसाला भिंतीला टेकवून उभे करण्याची आपली सवय इथेच आड येते. त्याला दोन पावले पुढे बोलवावे आणि दार उघडे असेल तर मागे भिंतीऐवजी दार आणि त्यापलीकडचे अंगण येईल असे उभे करावे.

फुलांच्या बाबतीत फोनच्या उंचीकडे लक्ष द्यावे लागते. पावसाळ्याच्या अखेरीस कासच्या पठारावर गेलेले बहुतेक जण उभ्याने, फोन खाली झुकवून फोटो घेतात. तसे केले की सीतेची आसवं यांसारख्या नखाएवढ्या फुलांच्या मागे दोन-तीन सेंटिमीटरवर माती आणि गवत येते, आणि एवढ्या कमी अंतरात काहीही धूसर होत नाही. त्याऐवजी वाटेवरच, फुलांच्या गर्दीत पाऊल न टाकता, गुडघ्यावर बसावे आणि फोन उलटा धरावा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येऊन जमिनीच्या अगदी जवळ जाते. लेन्स फुलाच्या पातळीला आली की त्याच्या मागे माती उरत नाही. दूरवर पसरलेले पठार आणि ढग येतात, आणि ते एका हलक्या जांभळ्या-हिरव्या पटात विरघळतात. फुलावर बोट टेकवून फोकस घ्यावा, बोट थोडा वेळ तसेच दाबून धरून तो पक्का करावा, आणि वाऱ्याचा झोत ओसरला की लागोपाठ चार-पाच फोटो घ्यावेत.

इथे एक अडचण येते. मुख्य लेन्सला फार जवळचे दिसत नाही. तिची मर्यादा अनेक फोनमध्ये १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान असते. त्याहून जवळ गेले की काही फोन न सांगता अतिरुंद लेन्सकडे वळतात आणि त्याला मॅक्रो म्हणतात. त्या लेन्सचे छिद्र बरेच लहान असते, त्यामुळे फूल मोठे दिसते, पण मागची धूसरता एकदम कमी होते. पडद्यावरचे दृश्य क्षणभर उडी मारल्यासारखे हलले, तर लेन्स बदलली असे समजावे, मॅक्रोचे चिन्ह दिसत असेल तर ते बंद करावे, थोडे मागे सरकावे आणि दोन पट झूम वापरावा.

माणसांच्या फोटोतही दोन किंवा तीन पट झूम हीच माझी पहिली पसंती असते. डोके आणि खांदे चौकटीत भरायला झूमशिवाय अर्ध्या मीटरवर जावे लागते, आणि तेवढ्या जवळून नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात. दोन पट झूम लावून एक मीटरवर उभे राहिले, तर चौकट तेवढीच राहते, दूरच्या पार्श्वभूमीची धूसरताही जवळजवळ तेवढीच राहते, पण चेहरा आपल्याला रोज दिसतो तसा दिसतो. शिवाय मागचा थोडाच भाग चौकटीत येतो, त्यामुळे विजेचा खांब किंवा कपड्यांची दोरी टाळणे सोपे जाते. एक गोष्ट मात्र तपासून पाहावी: प्रकाश कमी असला की अनेक फोन झूमची लेन्स न वापरता मुख्य लेन्सचेच चित्र कापून मोठे करतात. झूमच्या लेन्सवर बोट ठेवून पाहावे. पडदा काळा झाला नाही, तर ती लेन्स वापरातच नाही.

पोर्ट्रेट मोड काय करतो

एवढे करूनही पूर्ण उभ्या माणसाच्या मागची पार्श्वभूमी फोनची लेन्स फारशी विरघळवू शकत नाही, हे मान्य करायलाच हवे. पोर्ट्रेट मोडचे खरे काम तिथे आहे, आणि ते काम तो अनेकदा फार चांगले करतो.

दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या जागी दिसते आणि त्यावरून आपल्याला अंतर कळते, तेच तत्त्व फोनमधल्या शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन लेन्सना लागू होते. २०१४ मध्ये एचटीसीच्या वन एम८ या फोनने मागे दुसरा कॅमेरा त्यासाठीच दिला होता, आणि २०१६ मध्ये ॲपलच्या आयफोन ७ प्लसमुळे ‘पोर्ट्रेट मोड’ हा शब्द घरोघरी पोहोचला. २०१७ मध्ये गूगलच्या पिक्सेल २ ने एकाच मागच्या कॅमेऱ्यावर हे काम केले: सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागून लेन्सच्या दोन कडांमधून दिसणारी दोन दृश्ये मिळवली, आणि माणसाची आकृती ओळखायला शिकवलेल्या संगणकीय प्रणालीची त्याला जोड दिली. आजचे फोन हे सारे मार्ग एकत्र वापरतात. अंतराचा एक नकाशा तयार होतो, आणि त्यात जे मागे आहे असे वाटते ते पुसट केले जाते.

‘असे वाटते’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. नकाशा जिथे चुकतो तिथे फोटो चुकतो, आणि त्या चुका ठरावीक ठिकाणी होतात. नथीचे उदाहरण घ्या. नथीच्या वळणातून पलीकडचा गाल दिसतो, तोवर काही बिघडत नाही. पण चेहरा थोडा वळला आणि त्याच वळणातून मागची पार्श्वभूमी दिसू लागली की तेवढा तुकडा बहुधा स्पष्टच राहतो, किंवा नथीचा बाहेरचा मोती पुसट होतो. कमरेवर ठेवलेल्या हाताच्या त्रिकोणातून मागचा बाजार लख्ख दिसत राहणे हा त्याच चुकीचा मोठा अवतार आहे. कपाळावर उडणाऱ्या बटा, गजऱ्याच्या सुटलेल्या पाकळ्या, चष्म्याची काडी, पारदर्शक पदर, हातातला काचेचा पेला, ही सारी धोक्याची ठिकाणे आहेत. जाळीदार खिडकी किंवा सारख्या गजांचे कुंपण मागे असेल, तर कोणता गज कोणता हे दोन लेन्सना जुळवता येत नाही, आणि मग काही गज पुसट व काही स्पष्ट असे विचित्र चित्र तयार होते. अगदी सपाट, रंगवलेल्या भिंतीवर तर जुळवण्यासारखे काही नसतेच.

दुसऱ्या प्रकारची चूक अधिक सूक्ष्म असते, आणि ती माणसाच्या पायांपाशी पाहावी. खऱ्या लेन्समध्ये पायांखालची फरशी स्पष्ट असते आणि मागे जाता जाता हळूहळू मऊ होत जाते. हिशेब कच्चा असेल तर पावलांभोवती एक रेघ ओढल्यासारखी दिसते. त्या रेघेच्या आत बूट स्पष्ट, आणि लगेच बाहेर फरशी पुसट. असा माणूस कागदातून कापून चिकटवल्यासारखा वाटतो. म्हणून पूर्ण उंचीच्या फोटोत पोर्ट्रेट मोड वापरायचा झाला तर तो अगदी कमी ठेवावा, किंवा चौकट गुडघ्यांच्या वर घ्यावी.

दिव्यांच्या बाबतीतही फरक दिसतो. धूसरतेच्या प्रमाणाला नव्हे, तर तिच्या गुणाला जपानी भाषेतून आलेला ‘बोके’ हा शब्द वापरतात. खऱ्या लेन्समध्ये आकाशकंदिलाचा प्रखर प्रकाश चकतीत पसरूनही झळाळत राहतो. आधीच पांढऱ्याफटक झालेल्या चित्रावर नंतर धूसरता चढवली, तर मूळ प्रखरतेची नोंदच उरलेली नसते, आणि चकत्या राखाडी, मळकट दिसतात. नव्या, महागड्या फोनमध्ये हे बरेच सुधारले आहे, तरी दिव्यांसाठी मी अजूनही पणतीची युक्ती वापरतो.

बटण किती आणि कसे दाबावे

पोर्ट्रेट मोडमध्ये सहसा एक सरकपट्टी असते आणि तिच्यावर एफचे आकडे असतात. ते आकडे लेन्सचे नाहीत. लेन्सचे छिद्र जागेवरच राहते, फक्त नक्कल किती करायची ते बदलते. आकडा लहान तेवढी धूसरता जास्त. फोन पहिल्यांदा जो आकडा दाखवतो तो बहुधा जरा जास्तच धूसर असतो. एका चेहऱ्यासाठी मी एफ ४ च्या आसपास थांबतो, आणि दोन-तीन माणसे असतील तर एफ ५.६ ते ८ पर्यंत जातो. धूसरता कमी ठेवली की कडांच्या चुकाही कमी दिसतात, कारण स्पष्ट आणि पुसट यांतली दरीच लहान होते.

माणसे दोन रांगांत असतील तर पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा. मागच्या रांगेतली आजी पुसट झालेला कौटुंबिक फोटो कितीही सुंदर दिसला तरी तो फसलेलाच आहे. एकाच रांगेत उभे असतील तर सर्वांचे खांदे फोनपासून सारख्या अंतरावर येतील असे उभे करावे, आणि हातात पुरस्कार किंवा प्रमाणपत्र असेल तर ते छातीशी धरायला सांगावे. पुढे धरलेली वस्तू कधी कधी फोन ओळखत नाही.

प्रकाशाची मदत घ्यावी. अंधुक खोलीत नकाशा डळमळतो, तर खिडकीजवळ चेहऱ्यावर बाजूने येणारा उजेड आणि मागे त्यापेक्षा गडद भाग असला की केसांची कड वेगळी काढणे सोपे होते. काळे केस आणि काळी पार्श्वभूमी, किंवा पांढरा फेटा आणि पांढरे आभाळ, असे जोड टाळावेत.

फोटो काढल्यावर लगेच बोटांनी मोठा करून कडा पाहण्याची सवय लावून घ्यावी. आधी केस, मग कान आणि दागिने, मग चष्मा, मग हात आणि कमर यांमधली मोकळी जागा. याला दहा सेकंद लागतात, आणि माणसे अजून समोर असतात. चूक दिसली तर एक पाऊल बाजूला होऊन, मागची जाळी किंवा माळ चेहऱ्याच्या कडेपासून दूर नेऊन पुन्हा घ्यावा. आणि महत्त्वाच्या प्रसंगी तोच फोटो एकदा पोर्ट्रेट मोडशिवायही घ्यावा.

काही फोटोंत मात्र पार्श्वभूमीला हातच लावू नये. वारीत चालणाऱ्या माउलीच्या मागची दिंडी आणि पताका, गौरीसमोर बसलेल्या आईच्या मागची स्वतः केलेली आरास, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला मालकाच्या डोक्यावरची पाटी, हे सारे त्या माणसाइतकेच फोटोचा विषय असते. वीस वर्षांनी तो फोटो पाहणारे आधी घरातली जुनी कपाटे आणि भिंतीवरचे कॅलेंडर शोधतील. पासपोर्ट किंवा ओळखपत्राच्या फोटोतही पोर्ट्रेट मोड वापरू नये. कान आणि केसांच्या कडा खाल्ल्या जातात.

शेवटी जतन करण्याविषयी. अनेक फोन पोर्ट्रेट फोटोसोबत अंतराचा नकाशाही त्याच फाइलमध्ये ठेवतात, त्यामुळे धूसरता नंतर कमी-जास्त करता येते किंवा पूर्ण काढता येते. आयफोनमध्ये धूसरता नंतर कमी-जास्त करण्याची सोय २०१८ च्या आयफोन एक्सएसपासून आहे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या प्रतीत तो नकाशा उरत नाही आणि फोटोही आकुंचन पावतो. म्हणून फोनमधली मूळ फाइल पुसू नये, बदल तिच्यातच करावेत, आणि अल्बमवाल्याला देताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी किंवा केबल लावून संगणकावर उतरवून द्यावी.